पडली तरी उठणारी बाहुली

तंजावूरचा राजवाडा पाहून बाहेर पडणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. दरबार हॉल बघून झालेला असतो, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयातल्या काचेआडच्या पोथ्या ‘आपल्या’ म्हणून डोळे भरून पाहिलेल्या असतात. आणि मग दुकानांच्या फळ्यांवरून रंगीत बाहुल्या मान हलवून बोलवायला लागतात. तमिळमध्ये त्यांना म्हणतात ‘तलैयाट्टी बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. २००८-०९ साली या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. यातल्या नाचऱ्या बाहुलीचं डोकं, धड, घागरा सगळं सुटं असतं, वाऱ्याची झुळूकही तिला पुरते. दुसरी मात्र अगदी साधी. गोल बूड, बुडाशी वजन, वरचा भाग हलका. टिचकी मारा, ढकला, पार आडवी पाडा... ही आपली डुलत डुलत पुन्हा उभी!

गेल्या हिवाळ्यात ताई, दाजी, त्यांचा साडेसहा वर्षांचा मुलगा आणि मी असे चौघे तिथे गेलो होतो. दोन दिवसांत भाचेबुवांनी आम्हाला घाम फोडला होता. बृहदीश्वराच्या देवळात चपला काढल्यावर दगडी फरशीला पाय लावेना. राजवाड्याच्या चौकात कुठल्याशा शाळेची सहल आली, पोरांचा कलकलाट घुमायला लागला, तशी दोन्ही कानांवर हात दाबून याने खांबाला पाठ लावली ती लावलीच. चार पायऱ्या उतरायच्या तर भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तंजावुरात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांतल्याच एक आजी शेजारून चालल्या होत्या. तमिळ वळणाच्या मराठीत त्यांनी ताईला विचारलं, पोराला बरं नाही का? ताई नुसतीच हसली. हा प्रश्न तिला नवा नव्हता.

बाहुल्यांच्या दुकानापाशी मात्र बुवा थांबले. एका राजाला त्यांनी बोटाने ढकललं. राजा उठला. पुन्हा ढकललं, पुन्हा उठला. दहा वेळा, वीस वेळा... दुकानदार भला माणूस, काही बोलला नाही. मग हा पायरीवर मांडी घालून बसला, स्वतःच एका बाजूला कलंडला, हात टेकून सावरला आणि म्हणाला, “मामा, आता मला ढकल!”

ज्या मुलाला कुणी नुसता खांद्याला धक्का दिला तरी तो किंचाळतो, तो मुलगा ‘मला ढकल’ म्हणत होता. ताईने पदराने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

तिचा मुलगा ‘असा’ का, याचं उत्तर आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे तयार होतं. लाडावलाय. एकुलता एक आहे ना! शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी टोचते म्हणून सकाळी थयथयाट. केस कापायचे म्हणजे महाभारत. कालवलेला भात पाहिला की उमासे. झोपाळ्यावर बसवलं की जीव घेतल्यासारखी बोंब, आणि हाच मुलगा पलंगावरून गादीवर दिवसभर धपाधप उड्या मारणार. पहिलीत गेल्यावर तर कहरच झाला. बाकावरून घसरून खाली यायचा, पेन्सिल इतकी दाबायचा की टोक मोडायचं. वर्षाच्या मध्यावर शाळेने सुचवलं, दुसरी शाळा बघा. आणि जाता जाता सल्ला दिला, खेळ बंद करा, रोज दोन तास बसवून लिहून घ्या. ताईने तोही करून पाहिला. पंधरा दिवसांत मायलेक एकमेकांचे वैरी झाले.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी कान-डोळे तपासून त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे धाडलं. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. नाव ऐकून वाटतं, नोकरीधंद्याचं काही असेल. पण इथे व्यवसाय म्हणजे माणसाचं रोजचं कामकाज आणि लहान मुलाचं कामकाज म्हणजे जेवणं, कपडे घालणं, शिकणं आणि खेळणं! त्या बाईंची खोली पाहून दाजी चक्रावलेच. छताला टांगलेले झोपाळे, दोरीची जाळी, मोठाले चेंडू, गाद्यांचा डोंगर, परातीत तांदूळ आणि तांदळात लपवलेल्या गोट्या. घरी आल्यावर ते म्हणाले, “तासाला एवढे पैसे मोजून पोरगं झोके घेणार? बागेत तर फुकट खेळतं!”

प्रश्न खोचक होता, पण गैर नव्हता. पैसे मोजणाऱ्या प्रत्येक आई-बापाने तो विचारायलाच हवा. मीही त्याच्या मागे लागलो आणि जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पंचेंद्रियं आपण शाळेत पाठ केलेली असतात. पण शरीराला आणखी दोन जाणिवा आहेत, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावा. लागलं ना? हाताला वाट कुणी दाखवली? स्नायू आणि सांधे ‘आम्ही इथे आहोत, इतके वाकलो आहोत’ अशी खबर मेंदूला सतत देत असतात. ही झाली एक जाणीव. दुसरी तोलाची. तिचं ठाणं कानाच्या आतल्या भागात. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली, की आतला द्रव मागे राहतो आणि डोकं कुठे, किती वेगाने फिरलं ते मेंदूला कळतं. शेजारच्याच दोन लहान पिशव्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण असतात, ते वर-खाली, मागे-पुढेचा हिशेब ठेवतात. ही खबर मेंदूच्या देठाकडे, लहान मेंदूकडे जाते आणि तिथून डोळ्यांच्या, मानेच्या, पाठीच्या स्नायूंना हुकूम सुटतात. तुम्ही चालत्या बसमध्ये हे पान वाचू शकता, तेही या कारभारामुळेच.

आता विचार करा, या खबरी एखाद्या मुलाच्या मेंदूत नीट जुळल्याच नाहीत तर? झोपाळ्याचा साधा हेलकावा त्याला कड्यावरून पडल्यासारखा वाटेल. स्वतःचे हातपाय कुठे आहेत ते धड कळत नाही, म्हणून पेन्सिल दाबून दाबून धरेल, उड्या मारून मारून सांध्यांकडून खबर मागेल. कॉलरची चिठ्ठी सुईसारखी टोचेल. बाहेरून आपल्याला दिसतो तो हट्ट.

हा विचार पद्धतशीर मांडला तो जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी. १९२० साली जन्मलेल्या एअर्स स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. १९७२ साली त्यांचं संवेदनांच्या जुळणीवरचं पुस्तक आलं. त्यांनी उपचाराची जी रीत घालून दिली, तिचा गाभा हा, की मुलाला बसवून व्यायाम करवून घ्यायचा नाही. त्याला आवडेल असा खेळ मांडायचा, तो जरासा अवघड करायचा, आणि मुलाने आपणहून त्याला भिडायचं.

‘आपणहून’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोघांनी मांजराच्या पिलांवर एक प्रयोग केला. अंधारात वाढवलेल्या पिलांच्या जोड्या रोज थोडा वेळ उजेडात एका गोल फिरत्या पाळण्याला जोडायच्या. एक पिलू स्वतःच्या पायांनी चालणार आणि दुसरं टोपलीत बसून त्याच्यामागे फिरणार. दोघांच्या डोळ्यांना दिसणार तेच आणि तेवढंच. काही दिवसांनी पाहिलं, तर चालणाऱ्या पिलाला अंतराचा अंदाज आला होता, समोर काही आलं की ते पाय पुढे करायचं. टोपलीतल्या पिलाला तो आला नव्हता!

असाच धडा उंदरांनीही दिला. कॅलिफोर्नियात बर्कले इथे मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांना खेळणी, शिड्या आणि सवंगडी असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, काहींना रिकाम्या पिंजऱ्यात एकटं. १९६४ साली त्यांनी दाखवून दिलं, की खेळणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर अधिक जाड भरतो. पुढे १९७५ मध्ये याच मंडळींपैकी काहींनी आणखी एक युक्ती केली. खेळाच्या पिंजऱ्यातच एक लहानसा पिंजरा ठेवला आणि त्यात काही उंदीर बसवले. त्यांना सगळं दिसणार, ऐकू येणार, वास येणार, पण खेळता येणार नाही. त्यांच्या मेंदूत तो फरक काही पडला नाही. दुसऱ्यांचा खेळ मोबाइलवर तासन् तास पाहणाऱ्या पोरांच्या आया-बापांनी या लहान पिंजऱ्याची जरूर आठवण ठेवावी.

आणि खेळाची ऊर्मी येते कुठून? जाक पांकसेप या शास्त्रज्ञाने उभी हयात या प्रश्नाला दिली. त्याचं म्हणणं, भूक आणि भीती यांच्यासारखीच खेळाची यंत्रणाही मेंदूच्या खोल, जुन्या भागात आहे. मेंदूचा वरचा विचारी थर जन्मानंतर लगेच काढून टाकलेले उंदीरसुद्धा एकमेकांशी खेळतात. गुदगुल्या केल्या की ते सुमारे ५० किलोहर्ट्झचा चिवचिवाट करतात, माणसाच्या कानांना ऐकू न येणारा. पांकसेपने त्याला बेधडक ‘हसणं’ म्हटलं! खेळताना मिळणाऱ्या या आनंदात मेंदूतली डोपामीनसारखी रसायनं सामील असतात, आणि तीच मेंदूला ‘हे पुन्हा कर’ असं सांगतात. भीतीने आक्रसलेलं मूल निसटायची वाट शोधतं. रमलेलं मूल तीच कठीण गोष्ट वीस वेळा करतं आणि थकत नाही.

दुकानाच्या पायरीवर नेमकं हेच घडलं. कलंडायचं कधी, किती आणि कुणाच्या हातून, हे भाचेबुवांनी स्वतः ठरवलं होतं. म्हणून तो धक्का धक्का राहिला नाही.

हे सगळं मनात घोळत असताना मी राजवाड्याकडे वळून पाहिलं, आणि तिथे वाढलेल्या एका मुलाची आठवण झाली. सरफोजी. १७७७ साली जन्मलेला, दहाव्या वर्षी तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेला. राजांनी डोळे मिटले, गादी अमरसिंगांकडे गेली आणि हा मुलगा जवळजवळ नजरकैदेतच वाढू लागला. शिकवणाऱ्याचीही धड सोय नाही. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्याच्यासाठी इंग्रजांकडे खटपट केली. १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवलं तेव्हा कुठे त्याच्या शिक्षणाला मोकळी वाट मिळाली. १७९८ साली तो गादीवर आला.

राज्यकारभार पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या हाती गेला. पण कोंडमारा सोसलेल्या या राजाने काय करावं? त्याने ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला आणि विद्यार्थ्यांसाठी शाळा चालवल्या. इसापच्या गोष्टी मराठीत ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या त्या याच छापखान्यात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. आणि स्वतः राजाने रचलं ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाट्य. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाचगाण्याचा खेळ. त्यातली भविष्य सांगणारी भटकी बाई इथे चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते! जो विषय आपण नकाशावर बोट ठेवून घोकला, तो या राजाने गाण्या-नाचण्यात घातला. न्यूरॉन, डोपामीन हे शब्द त्याच्या काळी नव्हते. पण बंद खोलीतलं बालपण म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

महाराष्ट्राचाही या विद्येशी जुना संबंध आहे. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं ते १९५० साली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि ते सुरू करणाऱ्या होत्या कमलाबाई निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नाने निंबकर झाल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. १९५२ साली या उपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेल्या शाळेचं नाव आहे ‘कमला निंबकर बालभवन’. उपचार शिकवणाऱ्या बाईंचं नाव मुलांच्या शाळेला लागावं, याहून समर्पक काय असेल?

इथवर वाचून कुणी उद्या सकाळीच चेकबुक घेऊन निघेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. या उपचाराचा पुरावा संमिश्र आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितलं, की असे उपचार सर्वांगीण योजनेचा एक भाग म्हणून चालतील, पण पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगा. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात स्वमग्न असलेल्या ३२ मुलांपैकी ज्यांना एअर्सच्या रीतीने १० आठवडे उपचार मिळाले, ती आपापल्या ठरवलेल्या उद्दिष्टांत इतरांपेक्षा पुढे गेली. पण २०२२ साली ब्रिटनमधल्या १३८ स्वमग्न मुलांच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा याचा ठळक जादा फायदा दिसला नाही. संवेदनांची अशी गडबड हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत नाही, स्वमग्नतेच्या लक्षणांत मात्र तिचा समावेश आहे. खेळाने मेंदू घडतो, हे प्राण्यांत चांगलं सिद्ध झालंय. अमुक झोपाळ्याने तमुक मुलाचा मेंदू असाच बदलतो, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कुणी तसं सांगून पन्नास बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, तर तिथून उठावं.

मग करावं काय? पहिलं म्हणजे मुलाचे कान, डोळे आणि वाढ डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. बोलणं उशिरा येत असेल, हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर ‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणत वाट पाहू नये. खिसा हलका असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि लहान वयातच उपचार व्हावेत म्हणून जिल्हा पातळीवर केंद्रं उघडली आहेत. थेरपिस्टला तीन प्रश्न विचारावेत. तुमचं शिक्षण काय? तीन महिन्यांत माझ्या मुलाला रोजच्या जगण्यातलं काय जमायला हवं? आणि नाही जमलं तर आपण काय बदलणार? ‘मेंदू सुधारेल’ हे उत्तर नव्हे. ‘शर्ट न रडता घालेल’, ‘जिना भिंत न धरता उतरेल’ हे उत्तर.

आणि घरी? आपल्या आज्यांकडे याचा खजिना होता. फुगडी, लंगडी, झिम्मा, ठिकरी, सागरगोटे... तोल, सांधे, स्पर्श, सगळं त्यात आलं. तंजावूरकडच्या आज्या फळीवरच्या खळग्यांत चिंचोके टाकत पल्लांगुळी खेळतात, त्यात बोटांची चिमूट अशी तयार होते की पेन्सिलीला वेगळी शिकवणी नको. कणकेचा गोळा मळू द्या, भरलेली पिशवी उचलू द्या, उशांच्या ढिगात उडी मारू द्या. पण जबरदस्तीने झोपाळ्यावर बसवू नका, मूल नको म्हणालं की थांबा. त्याने ठरवलेल्या खेळात आपण शिरायचं, आपल्या खेळात त्याला ओढायचं नाही.

दाजींच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे. बागेत फुकट खेळता येतं, अगदी खरं. ज्या मुलाला बाग झेपते, त्याला बागच पुरे. ज्याला बागच भीतीची वाटते, त्याला बागेपर्यंत नेणारा एखादा जिना लागतो. त्या खोलीचं काम तेवढंच. तंजावूरहून परतल्यावर दाजी एकदा त्या तासाला स्वतः जाऊन बसले. मुलगा पोटावर चेंडू घेऊन लोळत होता आणि बाई त्याच्याइतक्याच गंभीर चेहऱ्याने पलीकडे लोळत होत्या. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “हे तर मलाही जमेल.” ताई म्हणाली, “मग करा की!”

आता रोज रात्री जेवणानंतर बाप-लेक हॉलमध्ये लोळतात. अक्षर अजून वेडंवाकडंच आहे. केस कापताना अजून रडारड होते. शाळा मात्र बदलली, तिथल्या बाई त्याला मधूनच फळा पुसायला उठवतात. परवा तो सोसायटीच्या झोपाळ्यावर बसला. पाय जमिनीला टेकवूनच, पण बसला.

त्याच्या टेबलावर तंजावूरचा राजा आहे. वह्या उचलताना, ठेवताना दिवसातून दहा वेळा पडतो. ताईने सगळ्यांना ताकीद दिलीय, त्याला कुणी हात लावून उभं करायचं नाही. तो आपला आपण उठतो.